काळ्या कातळाचा धागा

उत्साही : अंबरनाथ तालुक्यात कुठल्याही डोंगराला सुरुंग लावा, निघणार काळा पाषाणच. तो क्रशरवर जातो, त्याची खडी होते, उरलेल्याची क्रश सँड होते आणि डंपर भरभरून ती ठाण्या-मुंबईच्या बांधकामांवर रवाना होते. दगडाचा याहून स्वस्त उपयोग सापडणार नाही. हाच बेसॉल्ट १,४५० ते १,५०० अंश सेल्सियसला वितळवला आणि प्लॅटिनम-ऱ्होडियमच्या तबकडीतल्या बारीक भोकांतून खाली ओढला, तर अखंड तंतू निघतो. जाडी दहा ते वीस मायक्रॉन, केसाहून कितीतरी बारीक. असे शेकडो तंतू एकत्र गुंडाळले की रोव्हिंग तयार. ते विणून कापड करा, तोडून चॉप करा, रेझिनमध्ये भिजवून टाकी करा, सळई करा, पाइप करा. काचतंतू जिथे जिथे चालतो, तिथे तिथे हा चालतो. दख्खनचा पठारी बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे आणि साडेसहा कोटी वर्षांपूर्वीपासून तिथेच पडून आहे. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत एफआरपीचं, म्हणजे तंतू घातलेल्या प्लास्टिकचं, काम रोज चालतं. दगड इथला, गिऱ्हाईक इथलं, मग मधली पायरी का नसावी?

चिकित्सक : कारण ती मधली पायरीच सगळा धंदा आहे. तुम्ही दगडापासून सुरुवात केलीत, आणि या विषयावर बोलणारा प्रत्येक जण तिथूनच करतो. पण तयार धाग्याच्या किमतीत दगडाचा वाटा नगण्य असतो. पैसा जातो तो भट्टीच्या इंधनात, प्लॅटिनमच्या तबकडीत, ती झिजली की पुन्हा ओतून घेण्यात, आणि धागा तुटल्यावर वाया गेलेल्या तासांत. काच करणाऱ्याला वाळू, चुनखडी, चिकणमाती विकत घ्यावी लागते, हे खरं. पण तीही स्वस्तच असते. कच्चा माल पायाखाली असण्याचा फायदा खडीवाल्याला मिळतो, कारण त्याचा निम्मा खर्च वाहतुकीचा. धागेवाल्याला तो जवळजवळ मिळत नाही.

दुसरं असं की, धाग्याची ताकद ही या दगडाची ताकद नव्हे. अंबरनाथचं शिवमंदिर घ्या. शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख त्याच्यावर आहे, शिलाहारांच्या काळातलं काम, सगळं याच काळ्या पाषाणाचं. साडेनऊशे वर्षं ते वालधुनी नदीकाठी उभं आहे. पण ते उभं आहे दाबावर. त्या पाथरवटांना नीट माहीत होतं की हा दगड वरचं ओझं सोसतो, ओढ सोसत नाही. म्हणून त्यांनी एकावर एक थर पुढे काढत छत मिटवलं, लांब तुळया टाकल्या नाहीत. आता त्याच दगडाचा धागा काढला की तो ओढीला हजारो मेगापास्कल सोसतो. जादू दगडाची नाही, बारीकपणाची आहे. ग्रिफिथने १९२१ मध्ये काचेच्या तंतूंवर हेच दाखवलं : तंतू जितका बारीक, तितकी त्यात मोठे तडे असण्याची शक्यता कमी, तितकी त्याची ताकद जास्त. बेसॉल्टचा धागा मजबूत निघतो, कारण तोही शेवटी काचच आहे. तपकिरी, लोहयुक्त काच.

उत्साही : मान्य, काचच आहे. पण कुठली काच, याने फरक पडतो. ताकद बारीकपणावर अवलंबून, हे बरोबर. ताठपणा मात्र रासायनिक घडणीवर ठरतो. नेहमीच्या ई-ग्लासचा ताठपणा बहात्तर-पंचाहत्तर गिगापास्कलच्या आसपास असतो, बेसॉल्टचा पंचाऐंशी ते नव्वदच्या घरात. उष्णता घ्या : ई-ग्लास जिथे मऊ पडू लागते, त्याच्या वरही बेसॉल्ट टिकतो, म्हणून गाडीच्या सायलेन्सरभोवती आणि आगरोधक पडद्यांत तो वापरतात. भट्टीत बोरॉन घालावं लागत नाही. एकच खनिज, तेच वितळवायचं, तेच ओढायचं. आणि ही कल्पना कालची नाही. फ्रान्सच्या पॉल डे यांना बेसॉल्टच्या धाग्याचं अमेरिकन पेटंट १९२३ मध्ये मिळालं. सोव्हिएत संघाने शीतयुद्धात त्यावर काम केलं, कीव्हमध्ये १९८५ च्या सुमारास उत्पादनाची भट्टी उभी राहिली. आज रशियात दुब्नाला, चीनमध्ये सिचुआन आणि झेजियांगमध्ये कारखाने चालू आहेत. जून २०२४ मध्ये चीनच्या छांग-अ ६ यानाने चंद्राच्या पलीकडच्या बाजूवर जो झेंडा उलगडला, तो हेबेई प्रांतातल्या बेसॉल्टच्या धाग्याचा होता.

चिकित्सक : झेंडा काही ग्रॅमचा असतो.

उत्साही : असतो ना. पण तो धागा किती बारीक निघाला असेल, याचा विचार करा. आणि लांब कशाला जायचं, शहाडला या. उल्हासनगरच्या टोकावर सेंच्युरी रेयॉन १९५० च्या दशकापासून व्हिस्कोजचा अखंड धागा काढते आहे. टायरच्या रबरात घालायची कॉर्डही या रेयॉनचीच होत असे. रबरात धागा घालून त्याला ओढ सोसायला लावणं म्हणजे कंपोझिटच की. निर्वासितांच्या छावणीचं १९४९ मध्ये शहर झालं आणि पुढच्या दहा वर्षांत त्या शहराच्या कडेला मौल्यवान धातूच्या जाळीतून बारीक धागा ओढण्याचं काम सुरू झालं. तंतू कसा ओढायचा, बॉबिनवर ताण कसा सांभाळायचा, तुटला तर कसा जोडायचा, हे हातांना ठाऊक असलेल्या दोन पिढ्या इथे आहेत.

चिकित्सक : दोन पिढ्या आहेत, आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण व्हिस्कोज आम्लाच्या कोमट कुंडात गोठतं; इथे दीड हजार अंशांचा रस आहे. सारखेपणा भोकापर्यंतच.

आता भट्टीत बघा काय होतं. काचेचा रस पारदर्शक असतो, त्यामुळे वरून दिलेली उष्णता प्रारणाने खोलवर उतरते. बेसॉल्टमध्ये लोहाचे ऑक्साइड दहा टक्क्यांच्या वर असतात, रस काळा होतो आणि उष्णता वरच्या थरातच अडकते. वर उकळता, खाली अर्धवट. म्हणून बेसॉल्टच्या भट्ट्या बराच काळ लहान ठेवाव्या लागल्या, रस उथळ राखावा लागला, किंवा विजेचे इलेक्ट्रोड आतच बुडवावे लागले. काचेच्या तबकडीला चार-चार हजार भोकं असतात. बेसॉल्टची मजल अनेक वर्षं काही शेकड्यांतच राहिली. त्यात हा रस थोडा थंड झाला की स्फटिक धरतो. धागा ओढता येईल असा तापमानाचा पट्टा अरुंद, आणि एक स्फटिक भोकात अडकला की शेकडो तंतू एकदम तुटतात. अशी भट्टी बंद-चालू करता येत नाही. इथे पावसाळ्यात वीज गेली की एमआयडीसीतला प्रत्येक कारखानदार आधी जनरेटरच्या डिझेलची काळजी करतो. भट्टीवाल्याला ती काळजी बारा महिने आणि चोवीस तास.

उत्साही : चीनने मोठ्या भट्ट्या बसवल्याच की.

चिकित्सक : बसवल्या, आणि त्यासाठी खाणीतल्या दगडाची घडण एकसारखी ठेवण्यावर वर्षानुवर्षं काम केलं. आपला दगड एकसारखा आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. सह्याद्रीतल्या लाव्ह्याचे भूशास्त्रज्ञांनी रसायनावरून गट पाडले आहेत : जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. बदलापूरहून कर्जत लोकलमध्ये बसलात तर तिसरं स्टेशन नेरळ, त्याच नावाचा हा थरसमूह. गट पाडता आले, याचाच अर्थ ते रासायनिकदृष्ट्या वेगळे आहेत. कुणात सिलिका जास्त, कुणात मॅग्नेशियम. दोन प्रवाहांच्या मध्ये तांबड्या मातीचा थर येतो. कित्येक प्रवाहांत बुडबुड्यांच्या पोकळ्या झिओलाइट आणि कॅल्साइटने भरलेल्या असतात. महाराष्ट्राचे झिओलाइट जगभरच्या संग्रहालयांत मिरवतात, पण भट्टीत तेच पाणी आणि वायू सोडतात, आणि रसात बुडबुडे म्हणजे तुटका धागा. खडीला हे सगळं चालतं. कारखान्याच्या पाइपांवर गुंडाळतात त्या रॉकवूललाही बरंचसं चालतं, कारण तिथे आखूड तंतू हवे असतात आणि रसात चुनखडी किंवा धातुमळी घालून घडण जुळवून घेता येते. अखंड धाग्याला मात्र चालत नाही. अंबरनाथच्या एका खाणीतले पहिले दहा डंपर उत्तम निघतील आणि अकराव्यात पांढरे डाग असतील.

इथे दोघांच्या बोलण्यातली एक गोष्ट नोंदवायला हवी. उत्साहीच्या डोळ्यांसमोर दगड आहे आणि चिकित्सकाच्या डोळ्यांसमोर भट्टी, म्हणून दोघं एकमेकांना उत्तर देतात असं वाटलं, तरी बराच वेळ ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते. उत्साहीला हे आधी कळलं, आणि त्याने भट्टीच सोडून दिली.

उत्साही : ठीक, धागा इथे काढू नका. काचतंतू तळोज्याला होतो, गोव्यात कोलवाळला होतो, तसा बेसॉल्टचा धागा बाहेरून येऊ द्या. पण वापर तर इथे होऊ शकतो? अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक कारखान्यांत आम्लाच्या टाक्या, स्क्रबर, धुराचे डक्ट, सांडपाण्याच्या चेंबरवरच्या जाळ्या, सगळं एफआरपीचं. ई-ग्लासची आम्लाशी जन्माची दुष्मनी आहे. आम्ल काचेतलं कॅल्शियम आणि ॲल्युमिनियम ओढून घेतं, पृष्ठभागाचा थर आकसतो, त्याला चिरा पडतात, आणि धागा ताणाखाली असेल तर त्या चिरेतून तुटतो. हायड्रोक्लोरिक आम्लात बेसॉल्टचा धागा ई-ग्लासपेक्षा बरा टिकल्याचं अनेक प्रयोगांत दिसलं आहे. मग ज्या पट्ट्यात सगळं गंजतं, त्याच पट्ट्यात हा धागा का येऊ नये?

चिकित्सक : आता तुम्ही माझ्या अंगणात आलात. तुलना चुकीच्या गड्याशी लावताय. आम्लाच्या टाकीला आज जाणता माणूस साधी ई-ग्लास वापरतच नाही, बोरॉनविरहित ईसीआर काच वापरतो. तिची आम्लात टिकण्याची क्षमता चांगली आहे, किंमत आवाक्यात आहे आणि ती मिळते. बेसॉल्टला जिंकवायचं असेल तर ईसीआरला हरवा.

आणि टाकीत आम्ल अडवतो कोण? धागा नाही. आतून व्हिनाइल एस्टर रेझिनचा जाड थर असतो, त्यात पातळ सरफेस टिश्यू, नव्वद टक्के रेझिनच. त्यामागे चॉपची मॅट, आणि ताकदीचे विणलेले थर त्याच्याही मागे. आम्ल विणलेल्या थरापर्यंत पोहोचलं, तर टाकी आधीच गेलेली असते. मागे काच होती की बेसॉल्ट, यावर मग आठवडे मोजायचे.

आणखी एक, जे कुठल्याही माहितीपत्रकात नसतं. काचेची मॅट रेझिनमध्ये भिजली की पारदर्शक होते. रोलर फिरवणाऱ्या पोराला कोरडी जागा पांढरी दिसते, हवेचा फुगा दिसतो, तो पुन्हा रोलर मारतो. ही सगळी कला डोळ्यांवर चालते. बेसॉल्टचं कापड काळपट तपकिरी. भिजलं तरी तसंच. आत हवा राहिली तर दिसणार नाही. तयार टाकीच्या बाबतीतही तेच : काचतंतूच्या टाकीत उजेड धरला की आतली पातळी बाहेरून दिसते, ऑपरेटर त्यावर भरवसा ठेवतो. काळ्या टाकीला पातळीमापक नळी लावा. छोट्या वर्कशॉपमध्ये, जिथे अल्ट्रासॉनिकचं यंत्र नाही, तिथे गुणवत्तेची तपासणी म्हणजे शेडबाहेरचं ऊन. तेच तुम्ही काढून घेताय.

उत्साही : व्हॅक्यूमने रेझिन ओढलं तर हवेचा प्रश्न कमी होतो.

चिकित्सक : होतो. मग व्हॅक्यूम पंपाचा, पिशवीचा, सीलचा खर्च धाग्याच्या खर्चात धरा. शिवाय धाग्यावरचा लेप. कारखान्यात धाग्याला जे सायझिंग लावतात, त्यातल्या सिलेनमुळे रेझिन त्याला चिकटतं. काचेचं सायझिंग प्रत्येक रेझिनसाठी अनेक दशकं घासून पुसून तयार झालं आहे. बेसॉल्टच्या बाबतीत पुरवठादार बदलला की चिकटण्याचं गणित बदलू शकतं. प्रयोगशाळेतला धागा एकटा ओढला तर राजा. रेझिनशी त्याचं पटलं नाही तर पाण्यात भिजलेला लॅमिनेट थर सोडायला लागतो.

ताठपणाचं म्हणाल तर तो आकडा मोठा दिसतो, पण हिशेब करू. धागा वीस टक्के ताठ, असं धरा. हाताने घातलेल्या थरात धाग्याचं प्रमाण कमी, त्यामुळे लॅमिनेटमध्ये त्यातला काही भागच उतरतो. तरी पूर्ण वीस टक्के धरू. पत्र्याचा वाकण्याविरुद्धचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. म्हणजे काचेचाच पत्रा सुमारे सहा टक्के जाड केला की काम झालं. सहा मिलिमीटरच्या जागी फार तर साडेसहा. गिऱ्हाईक महागडा धागा घेईल की थोडं जास्त रेझिन?

उत्साही : जिथे वजन मोजलं जातं तिथे धागाच घेईल. पवनचक्कीचं पातं, बोटीचा सांगाडा, बसची छतं. अंबरनाथमध्येच नौदलासाठी पदार्थांवर संशोधन करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा आहे, पॉलिमर आणि कंपोझिट हे तिच्या कामातले विषय. समुद्रात साडेसहा मिलिमीटर म्हणजे आणखी वजन. पण राहू द्या. मला सळईबद्दल बोलायचं आहे, कारण उल्हासनगरात तो प्रश्न माणसांच्या जिवाचा आहे. मे २०२१ मध्ये काही दिवसांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब एकावर एक कोसळत खाली आले आणि माणसं गेली. नव्वदच्या दशकातली घाईची बांधकामं, तेव्हा वापरलेली हलकी रेती, गळणारी न्हाणीघरं, आणि आतली सळई गंजून फुगलेली. गंजलेलं लोखंड जागा जास्त घेतं, काँक्रीटचं कव्हर फोडून बाहेर येतं. बेसॉल्टच्या धाग्याची सळई गंजतच नाही. वजन पोलादाच्या साधारण चौथ्या हिश्शाचं, ओढ सोसण्याची ताकद पोलादाहून जास्त.

चिकित्सक : त्या इमारती सळईच्या जातीमुळे पडल्या नाहीत. परवानगी, देखरेख, रेती, सिमेंटचं प्रमाण, गळती. यातलं एक जरी नीट असतं तर साध्या पोलादाने पन्नास वर्षं काढली असती. आणि हाच ठेकेदार, हीच देखरेख ठेवून त्याच्या हातात बेसॉल्टची सळई द्या, मग बघा. पोलाद वाकतं, साइटवर मिस्त्री स्टिरप वाकवतो, हूक काढतो. ही सळई साइटवर वाकवता येत नाही. वाकवायला गेलात तर तंतू मोडतात. वाक कारखान्यातूनच करून आणावा लागतो. मोजमाप चुकलं की मिस्त्री काय करेल, तुम्हाला माहीत आहे.

त्याहून महत्त्वाचं, पोलाद तुटण्याआधी लांबतं. स्लॅबला भेगा पडतात, तो खाली झुकतो, माणसं घाबरून बाहेर पडतात. धाग्याची सळई शेवटपर्यंत सरळ रेषेत ताणली जाते आणि मग एकदम तुटते. तिचा ताठपणा पन्नास गिगापास्कलच्या आसपास, पोलादाचा दोनशे. म्हणजे तेवढ्याच सळया घातल्या तर स्लॅब जास्त झुकतो, भेगा रुंद होतात. ताकद भरपूर असूनही तिचा बराचसा भाग वापरताच येत नाही, कारण आधी झुकण्याची मर्यादा येते. आणि आगीत काँक्रीटच्या आतल्या सळईतलं रेझिन शंभर-सव्वाशे अंशांवरच मऊ पडायला लागतं. तुमचा धागा सहाशे अंश सोसत असेल. पण त्याला धरून ठेवणाऱ्याचं काय?

उत्साही : म्हणून तर राहत्या इमारतीत ती आधी घालू नये, हे मी मान्य करतो. पण गटारावरचे स्लॅब, सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या भिंती, वालधुनीकाठचं रसायनं सोसणारं काँक्रीट, पूर येणाऱ्या उल्हासच्या काठावरच्या संरक्षक भिंती? तिथे आगीचा धोका नगण्य, झुकण्याचा प्रश्न सौम्य, आणि गंज हाच मुख्य शत्रू. फरशी फुटली तर ती उचलून दुसरी बसवता येते. आणि काँक्रीट अल्कधर्मी आहे म्हणून घाबरवू नका. बेसॉल्ट अल्कलीत ई-ग्लासपेक्षा बरा टिकल्याचे निकाल आहेत.

चिकित्सक : काही निकाल तसे आहेत, काही उलटही आहेत, तीव्र अल्कलीत दोन्ही काचा झिजतात. पण गटाराच्या फरशीबद्दल मी तुमच्याशी भांडणार नाही. तिथे माझा प्रश्न वेगळा. नगरपालिकेचा अभियंता निविदेत काय लिहील? भारतीय मानक ब्युरोचं २०२३ चं मानक काचतंतूच्या सळ्यांचं आहे. अमेरिकन काँक्रीट इन्स्टिट्यूटची २०२२ ची बांधकाम संहिताही काचतंतूचीच. बेसॉल्टचा उल्लेख असलेली अमेरिकन मानकं अलीकडे आली आहेत, पण त्यांच्या आधारावर इथल्या नगरपालिकेत सही करायला कोण धजावेल? काचतंतूची सळई मानकात बसते, गंजत नाही, आणि स्वस्त आहे. तुमच्या फरशीला तीही चालेल.

उत्साही : म्हणजे पुन्हा काचच जिंकली.

चिकित्सक : इथे तरी. काच आधी आली, तिच्या बाजूने साठ-सत्तर वर्षांच्या टाक्या आणि नावा उभ्या आहेत. बेसॉल्टला त्याच जागी बसायचं असेल तर 'थोडा चांगला' असून भागत नाही. किमतीतला फरक भरून काढण्याइतका चांगला लागतो. नाहीतर जिथे काच जमतच नाही, अशी जागा शोधावी लागते. गरम एक्झॉस्टचं आवरण, आगीचा पडदा, ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टॉसच्या जागी. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. तिथे रेझिनही फारसं नसतं, म्हणून धाग्याचा गुण धाग्यालाच मिळतो.

उत्साही : आम्लाच्या टाकीवर मात्र मी अजून अडून आहे. तुम्ही म्हणता, आम्ल मागच्या थरापर्यंत गेलं की टाकी गेलीच. पण टाक्या प्रत्यक्षात जातात कशा? आतल्या थराला केसासारखी चीर पडते, कुणाला दिसत नाही, आम्ल झिरपतं, आणि ताणाखालचा ताकदीचा थर तुटतो तो तेव्हा. त्या चिरेपासून तुटण्यापर्यंतचा अवधी सहा महिन्यांऐवजी दोन वर्षं झाला, तर पुढच्या शटडाउनच्या तपासणीत ती पकडता येईल. हा अवधी ईसीआरचा किती आणि बेसॉल्टचा किती, हे इथल्या आम्लात, इथल्या उकाड्यात कुणी मोजलं आहे? दोन सारखे पॅनेल घ्या, एकच रेझिन, एकाच पोराच्या हाताने घातलेले. वाकवून ताणाखाली ठेवा, आणि एखाद्या कारखान्याच्या आम्लाच्या खड्ड्यात सोडा.

चिकित्सक : पॅनेल दोन नाहीत. बेसॉल्टच्या दोन पुरवठादारांचे वेगवेगळे, कारण सायझिंग वेगळं. ईसीआरचेही दोन. तुमचं व्हॅक्यूमचं म्हणणं खरं ठरवायचं तर तेच चार पुन्हा व्हॅक्यूमने. आठ पॅनेल झाले, आणि प्रत्येकाचे तीन-तीन नमुने, नाहीतर निकालाला अर्थ नाही. दोन-तीन वर्षं ते कुणीतरी दर महिन्याला बाहेर काढून तपासणार.

उत्साही : एका अनियोजित शटडाउनच्या नुकसानापुढे चोवीस नमुन्यांचा खर्च कितीसा?

चिकित्सक : शटडाउनचं नुकसान कारखानदाराचं असतं, नमुन्यांचा खर्च टाकी करणाऱ्याला सांगतात, आणि धाग्याचा फायदा झालाच तर तो पुरवठादाराचा. या तिघांपैकी कोण आधी खिशात हात घालेल, ते मला सांगा. पॅनेल मी माझ्या शेडमध्ये घालून देतो.